चहा नको म्हणण्याची सोळा वर्षं

माझ्या साडूच्या घरी मी सोळा वर्षांत एकदाही चहा घेतला नाही. आधी तो पिंपरीत भाड्याच्या खोलीत राहायचा, मग त्याला संत तुकाराम नगरात पहिल्या मजल्यावर घर मिळालं. दोन्हीकडे तोच प्रकार. माझी थोरली मेव्हणी ट्रे घेऊन यायची. कपबशा पांढऱ्या, काठाला सोनेरी रेघ, त्याच्या कंपनीने कामगारांना वाटलेल्या. मी हात आडवा करायचो. "नको, आत्ताच झाला."

"भाव ठरल्याशिवाय हे चहाला हात लावत नाहीत," साडू बसलेल्या पाहुण्यांना सांगायचा. "आता आपल्या घरात कसला सौदा चाललाय, ते यांनाच ठाऊक."

पाहुणे हसायचे. मीही हसायचो, आणि मनातल्या मनात त्या सोनेरी रेघेच्या कपबशा एकेक करून गॅलरीतून खाली सोडायचो.

खरं कारण साधं होतं. समोर कोणी बघत असलं की माझा उजवा हात हलतो. थंडी नको, ताप नको, काही नको. फक्त बघणारा पाहिजे. एकटा असलो तर सुईत दोरा ओवीन. दोन डोळे माझ्या हातावर आले की कप बशीवर वाजायला लागतो, टक टक टक टक, आणि तो आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो. म्हणून मी कप उचलायचंच सोडलं. लोकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला, आणि तो अर्थ माझ्या फायद्याचा निघाला, ते पुढे सांगतो.

हात पहिल्यांदा कधी हलला, ते मला नेमकं आठवतं. साडू तेव्हा साडू नव्हता. आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर काम करायचा. मी त्याच्यापेक्षा चांगला होतो. हे मी नाही, मास्तर म्हणायचे. तो कानस चालवताना गप्पा मारायचा, त्याच्या लोखंडाच्या तुकड्याचे कोपरे गोल व्हायचे, आणि मास्तर माझा तुकडा उचलून त्याच्या नाकासमोर धरायचे. पासष्ट-सहासष्टचा सुमार होता. मुंबई-पुणे रस्त्याला एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, परमनंट.

एका मोठ्या कंपनीने आम्हा दोघांना एकाच दिवशी परीक्षेला बोलावलं. काम सोपं होतं. लोखंडाचा तुकडा चौकोनी घासायचा, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरून दाखवायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली नाही की पास. मी पुण्याच्या बोहरी आळीतून खास नवी कानस आणली होती. तुकडा मी साडूच्या अर्धा तास आधी संपवला. कोपरे असे होते की हाताला टोचतील.

परीक्षा घेणारा साहेब येऊन माझ्या खांद्यामागे उभा राहिला. त्याच्या मागे आणखी तिघे. "दाखव," तो म्हणाला.

मी तुकडा उचलला, गुण्या लावला, खिडकीकडे धरला. आणि हात हलायला लागला. गुण्या लोखंडावर वाजायला लागला. टक टक टक टक. उजेड कधी दिसे, कधी नाहीसा होई. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले.

"दारू घेतोस काय रे?"

"नाही साहेब."

"मग हा नाच कसला?" तो साडूकडे वळला. "तुझ्याबरोबरचाच ना हा? पितो का?"

साडूला माहीत होतं. दोन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. मी विडीसुद्धा ओढत नव्हतो, आणि याच्या विड्या विझवून खिशात ठेवायला मीच सांगायचो. त्याला फक्त "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. त्याने खांदे उडवले.

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. आठवड्याने साडूला पत्र आलं. मला आलं नाही.

त्या नव्या कानशीचे दात मी दगडावर घासून काढले आणि टोकाला धार लावून तिचा स्क्रेपर, म्हणजे लोखंड खरवडायचं हत्यार, केला. रागाच्या भरात केला. पुढे त्याच स्क्रेपरवर मी जेवलो.

त्याच वर्षी साडूने लग्न केलं. मुलीचं घर चाकणच्या पलीकडे. कंपनीतला मुलगा म्हटल्यावर सासऱ्यांनी फार चौकशी केली नाही. त्या लग्नात मी वाढप्यांत होतो, आणि नवरीच्या धाकट्या बहिणीने मला दोनदा ओरडून आमटी मागितली. तिसऱ्यांदा मी ओरडलो. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. म्हणजे ज्या माणसाने माझी नोकरी घालवली, तोच माझा साडू झाला. असं मी लिहितो तेव्हा बायको म्हणते, "घालवली नाही हो, त्याला मिळाली." मला त्यात फरक वाटायचा नाही.

सासुरवाडीला जेवायला बसलो की थोरल्या जावयाचं ताट आधी. ते रीतीप्रमाणेच, पण मला ते कंपनीचं ताट वाटायचं. सासरे शेजाऱ्यांना ओळख करून द्यायचे. "ह्ये थोरले जावई. कंपनीत हायेत. परमनंट. आन् ह्ये धाकटे..." इथे ते जरा थांबायचे. "ह्ये मशिनींचं बघत्यात."

"म्हंजी कुठं?" शेजारी विचारायचा.

"आसंच. हिकडं तिकडं."

साडूचं सगळंच मला सलायचं. त्याची बस नाक्यावर यायची, आणि दुकानदार ती बघून घड्याळ लावायचे. त्याचा इस्त्रीचा गणवेश, खिशाला लावलेला पास, दिवाळीला कंपनीतून आलेला मिठाईचा पुडा. त्याला सुट्टीच्या दिवशी झोप यायची, याचासुद्धा मला हेवा वाटायचा. आणि सगळ्यात जास्त त्याच्या हातांचा. तो बशीत चहा ओतायचा तेव्हा धार मधे तुटायची नाही. बोलता बोलता, माझ्याकडे बघत, बशी ओठांपर्यंत न्यायचा. एक थेंब सांडायचा नाही. त्या बशीकडे बघताना माझ्या मनात जे यायचं, ते देवळात सांगण्यासारखं नाही.

मी धंद्यात पडलो तो असा. कारखान्यांमधून बाद झालेल्या, लोखंड कातायच्या लेथ मशिनी घ्यायच्या, नीट करायच्या आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांना विकायच्या. लेथला खाली एक लांब लोखंडी पाट असतो, त्याला बेड म्हणतात. सगळं काही त्याच्यावर सरकतं. वर्षानुवर्षं सरकून तो झिजतो, मधे खोलगट होतो, आणि मग मशिनीवर केलेलं काम वाकडं निघतं. तो सपाट करायचा तर एका सपाट पाटीला निळा रंग फासून ती बेडवर फिरवायची. जिथे उंचवटा, तिथे निळा ठिपका उठतो. तो ठिपका स्क्रेपरने हातानेच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा ठिपके. सगळीकडे सारखे, दाट, बारीक ठिपके उठेपर्यंत. दिवसचे दिवस लागतात. हे काम मला एकट्याला फार सुंदर येतं. एकट्याला, म्हणून भोसरीच्या बाजूला पत्र्याची शेड घेतली तेव्हा पहिला नियम केला, स्क्रेपिंग चालू असताना दार बंद.

लोक म्हणायला लागले, याच्याकडे काहीतरी गुपित आहे. कोणी म्हणे जर्मन साहेबाकडून शिकलाय, कोणी म्हणे रंगात काही मिसळतो. मी नाही म्हटलं नाही.

चहाचंही तसंच झालं. जुन्या मशिनीचा सौदा चहाशिवाय होत नाही. मालक चहा मागवतो, तुम्ही घेता, घेतलात की जरा नरमता, मग तो आकडा बोलतो. मी चहा परत पाठवायचो. समोरचा गडबडायचा. त्याला वाटायचं, हा माणूस आताच उठून जाणार. दोनदा मी खरोखर उठलो, कारण हात मांडीवरच हलायला लागला होता आणि तो लपवायला दुसरी जागा नव्हती. दोन्ही वेळा मालक मागे धावत आला आणि भाव उतरला. मग मी ते ओळखून वापरायला लागलो.

रागाचंही एक सांगून टाकतो, कारण माझ्या तापट स्वभावाबद्दल या भागात बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. मी तापट आहेच. पण बऱ्याचदा मी आधी चिडायचो ते मुद्दाम. चिडलेल्या माणसाचा हात थरथरला तर कोणी विचारत नाही. "अहो राव, शांत व्हा, आकडा तुमचाच," असं म्हणत लोक पाण्याचा तांब्या पुढे करायचे. तोही मी घ्यायचो नाही.

एकदा चाकण रस्त्याला एका गोडाऊनमध्ये मी मशीन बघायला गेलो, तर माझ्या आधी एक तरणा दलाल बसला होता. मालकाने चहा पुढे केला. दलालाने हात आडवा केला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आधी भाव." हुबेहूब मी. मला आधी हसू आलं. मग मी त्याच्या हाताकडे बघितलं. त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. माझ्या भीतीची नक्कल करून तो कमाई करत होता, आणि त्याला ती भीती भोगावी लागत नव्हती. मला त्याचाही हेवा वाटला.

असं सोळा वर्षं चाललं. आणि मग एका रविवारी साडू स्वतः माझ्या घरी आला.

"आमच्या टूलरूममध्ये एक जुनं विलायती मशीन आहे," तो म्हणाला. तो आता मेंटेनन्समध्ये चार्जहँड, म्हणजे चार-सहा जणांवरचा मुकादम, झाला होता. "बेड गेलाय. आमचा स्क्रेपिंगवाला म्हातारा रिटायर झाला. साहेबाला बाहेरचा माणूस पाहिजे. मी तुझं नाव सांगितलं."

मी म्हणालो, "उपकार करतोयस?"

"उपकार कसला? साहेब म्हणाला चांगला माणूस सांग, मी सांगितला. पण एक आहे. साहेबाने चौकशी केली. त्याला कळलं की तू दार लावून काम करतोस. त्याला शंका आहे, तू दुसरीकडून मशिनीवर ग्राइंडिंग करून आणतोस आणि हाताचं म्हणून खपवतोस. तो म्हणतो, माझ्यासमोर करून दाखवा. बुधवारी आम्ही दोघं येतो."

मी चिडलो. मनापासून चिडलो. "सांग त्याला, माझ्या शेडचं दार माझं आहे. बघायचं असेल तर झालेलं काम बघ."

"मग तो दुसरीकडे जाईल," साडू शांतपणे म्हणाला. बायकोने दिलेला चहा त्याने बशीत ओतला. धार तुटली नाही.

तो गेल्यावर मी शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतका आरडाओरडा केला. काम मिळालं नसतं तर मी उपाशी मरणार नव्हतो. माझी शेड चालत होती. पण त्या कंपनीच्या गेटसमोरून मी सोळा वर्षं जात-येत होतो आणि एकदाही मान वळवून आत बघितलं नव्हतं. मला त्या गेटमधून आत जायचं होतं. त्यांनी बोलावलं म्हणून, माझ्या हातासाठी बोलावलं म्हणून. आणि त्याच हाताने मला पुन्हा उघडं पाडायचं ठरवलं होतं, तेही त्याच माणसासमोर.

मंगळवारी सकाळी बायको भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "उद्या मी चाकणला जातो. तुझ्या बापाकडे काहीतरी काम काढतो. शेड बंद ठेवतो."

ती मागे न बघता म्हणाली, "हातामुळे?"

मी पिठाच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"अहो, लग्नात मंगळसूत्र बांधताना तुम्हाला तीनदा गाठ मारता आली नाही. ताईने मागून धरलं म्हणून बसली. मला मानेवर सगळं कळत होतं की."

"तेव्हापासून माहीत आहे?"

"मग?"

"बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? माझ्या आत्याचं डोकं हलतं. तिला कोणी विचारतं का?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे ते. म्हणून तर तुम्हाला मी नेहमी अर्धा ग्लास पाणी देते."

खरंच, चारचौघांत ती मला कधीच भरलेला ग्लास देत नसे. मी तिला कंजूष म्हणायचो. त्या दिवशी मला बायकोचा राग आला, लाज वाटली आणि जेवणही जास्त गेलं. कशामुळे काय झालं, ते सांगता येणार नाही. चाकणला मात्र मी गेलो नाही.

बुधवारी साहेब आला. वय माझ्याएवढंच, चष्मा, बोलायला मऊ. साडू त्याच्या मागे, हात पाठीमागे बांधून. मी शेडचं दार सताड उघडं ठेवलं होतं. ठेवायचं म्हणून ठेवलं, आणि सकाळपासून चारदा लावून पुन्हा उघडलं होतं. बाकावर एका लहान लेथचा बेड तयार होता. मी रंग फासून पाटी फिरवली, उचलली. निळे ठिपके उठले. मी तो कानशीचा स्क्रेपर हातात घेतला.

साहेब जवळ सरकला. साडूही सरकला. आणि पातं लोखंडाला टेकायच्या आधीच हात सुटला. टक टक टक टक. सोळा वर्षांत तो आवाज जरासुद्धा बदलला नव्हता. मी जोर लावला, पातं घसरलं, आणि चकचकीत बेडवर एक वाकडा ओरखडा उठला.

मला त्या क्षणी चिडायचं होतं. सगळं तयार होतं. "तुम्ही डोक्यावर उभे राहता, उजेड अडवता," हे वाक्य तोंडाशी आलं होतं. स्क्रेपर फेकायचा, त्यांना हाकलायचं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या भोसरीत गोष्ट झाली असती की कंपनीच्या साहेबाला याने दारातून परत पाठवलं. माझा भाव आणखी वाढला असता.

साहेब साडूकडे वळला. हळू बोलला, पण शेड पत्र्याची. "हे घेतात का? ड्रिंक्स वगैरे?"

साडूने तोंड उघडलं. त्याचे खांदे मला दिसत होते. ते वर जाणार होते की नाही, हे मला आजही माहीत नाही, कारण मी त्याला बोलू दिलं नाही.

"नाही साहेब," मी म्हणालो. "पीत नाही. कोणी बघत असलं की माझा हात हलतो. पहिल्यापासून हलतो. दार लावतो ते म्हणून. गुपित-बिपित काही नाही."

बाहेर रस्त्यावर ट्रकने गिअर बदलला. मला वाटलं, आता छत पडेल. छत तिथेच होतं.

"मग कसं करता?" साहेबाने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"बघा," मी म्हणालो.

मी पुन्हा वाकलो. हात हलत होताच. एक मात्र लक्षात आलं. हात हलायचा तो पातं हवेत असताना. लोखंडाला टेकवून, कमरेचा भार देऊन पुढे ढकललं की तेवढ्यापुरता बसायचा. पुन्हा उचललं की पुन्हा हलायचा. मी एकटा असताना हे कधी कळलंच नसतं. मग मी पातं उचलणंच कमी केलं. उचललं तर हलू दिलं. तासाभरात मी तो ओरखडा काढला आणि वीतभर बेड सपाट करून आणला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

साहेबाने स्वतः रंग फासला, पाटी फिरवली, खिशातून इंचभराची चौकट काढून तिच्यात येणारे ठिपके मोजले. एकट्याने केलेल्या कामात जितके उठतात तितके नव्हते. मला माहीत होतं, त्यालाही दिसलं असेल. पण त्याच्या मशिनीला लागतात त्याहून जास्त होते.

"चालेल," तो म्हणाला. "काय घ्याल?"

मी आकडा सांगितला. साहेब हसला. "एवढे? अहो, हात हलतो म्हणता आणि..."

"हात हलतो, त्याचे मी जास्त लावले नाहीत," मी म्हणालो. "ठिपक्यांचे लावलेत. ते तुम्ही मोजलेत."

चहा आला. साहेब येणार म्हणून बायकोने घरून कपबशा पाठवल्या होत्या, टपरीचे ग्लास नकोत म्हणून. साडूने सवयीने सांगायला सुरुवात केली, "हे भाव ठरल्याशिवाय चहा..." तोवर मी कप उचलला होता. बशीसकट. टक टक टक टक. थोडा बशीत सांडला, थोडा पँटवर. साहेब बघत होता, साडू बघत होता. मी बघू दिलं. गरम चहा मांडीवर सांडलेला असताना घासाघीस करणं वेगळंच असतं. माणूस लवकर मुद्द्यावर येतो. साहेबाने दोनदा आकडा खाली आणायचा प्रयत्न केला. मी जरासा उतरलो, तेवढा उतरायचं मी सकाळीच ठरवलं होतं. मग म्हणालो, "आता याच्या खाली नाही," आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. मला उठून जावं लागलं नाही. चिडावंही लागलं नाही. सौदा झाला.

पुढच्या आठवड्यात मी त्या गेटमधून आत गेलो. वॉचमनने पासावर माझ्या नावापुढे "कंत्राटदार" असं लिहिलं आणि मला बाजूच्या छोट्या दारातून सोडलं. मोठं दार बसचं आणि परमनंटवाल्यांचं. ते मला लागलंच. आत गेलो तर परीक्षेची ती खोली आता स्टोअर झाली होती. खिडकी तीच.

टूलरूममध्ये चौघेजण उभे राहून माझं काम बघायचे. पहिले दोन दिवस हात फार हलला. मी आल्या आल्या सांगून टाकायचो, "हात हलणार आहे, दचकू नका." एक जण म्हणाला, "आमच्या फोरमनची जीभ हलते भाऊ, त्यापेक्षा बरं." तिसऱ्या दिवसापासून ते बघायचे कंटाळले. मला गंमत वाटली. ज्या डोळ्यांना मी सोळा वर्षं भ्यालो, ते तीन दिवसांत कंटाळतात.

एका दुपारी साडू डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. मी बरेच दिवस तयारी केली होती. म्हणालो, "टेस्टच्या दिवशी साहेबाने तुला विचारलं, हा पितो का. तू खांदे उडवलेस."

त्याने घास थांबवला. मला वाटलं, नाही म्हणेल, किंवा आठवत नाही म्हणेल.

"अरे," तो म्हणाला, "त्या दिवशी मला माझं नाव विचारलं असतं ना, तरी मी खांदेच उडवले असते. माझी फाटली होती. तोंडात थुंकी नव्हती."

"मला नाही दिसलं."

"तू बघत होतास कुठे? तू तुझ्या हाताकडे बघत होतास."

एवढं बोलून तो लोणच्याची फोड चघळायला लागला. माझ्या सोळा वर्षांच्या रागाचा त्याने एका वाक्यात निकाल लावला, आणि मला त्याचाच जास्त राग आला. म्हणजे भीती त्यालाही होती. फक्त त्याची खांद्यात गेली, माझी हातात उतरली. खांदे उडवणाऱ्याला कंपनी घेते. यात न्याय कुठे आहे, ते मी अजून शोधतोय. त्याला "बरं, जाऊ दे" असं मी म्हणालो नाही. त्याच्या डब्यातली भाजी मात्र घेतली.

दिवाळीत आम्ही संत तुकाराम नगरात गेलो. साडूने नवी स्कूटर दाखवली, किती वर्षांनी नंबर लागला ते दोनदा सांगितलं. मला हेवा वाटला. वाटला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मेव्हणी ट्रे घेऊन आली. तीच सोनेरी रेघ, दोन कपांची आता पुसट झालेली. माझ्यासमोर येऊन ती सवयीने पुढे सरकली. मी म्हणालो, "वहिनी, मला?"

ती थबकली. साडूने वर बघितलं. सासरे आले होते, तेही बघायला लागले. पाच-सहा माणसं माझ्या हाताकडे. मी कप उचलला. टक टक टक टक. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, हाताला काय झालं वं?"

"काही नाही मामा. हलतो."

"व्हय? आमच्या भैनीचं डोस्कं हलतंय," ते म्हणाले, आणि चकलीकडे वळले.

साडू हसत म्हणाला, "घेतला बुवा चहा. म्हणजे ठरला म्हणायचा आपला भाव?"

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही ठरला." आणि बशीत सांडलेलाही पिऊन घेतला.